गरम असताना आरबीएम दिसत नाही, थंड झाल्यावर दिसतो. मग कार्बनच्या नॅनोनळ्या नेमक्या कधी तयार होतात?

काजळी

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, त्यामुळे एकेरी हाक मारलीत तरी चालेल. तीन आठवडे एकाच गोष्टीवर अडून बसलोय, म्हणून इथे विचारतो.

सिलिकॉनच्या तुकड्यावर ॲल्युमिनाचा पातळ थर आणि त्यावर एक नॅनोमीटर लोह, असा माझा नमुना आहे. तो क्वार्ट्झची खिडकी असलेल्या छोट्या चेंबरमध्ये ठेवतो आणि आर्गॉन-हायड्रोजनमध्ये ८०० अंश सेल्सिअसला नेतो. लोहाचा थर फुटून त्याचे बारीक कण होतात, तेच माझे उत्प्रेरक. मग इथिलीन सोडतो आणि खिडकीतून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर पाडून दर सेकंदाला एक रामन स्पेक्ट्रम घेतो, म्हणजे परत आलेल्या उजेडाची तरंगलांबी किती बदलली त्याचा आलेख; त्यातल्या प्रत्येक पीकवरून अणूंचं एकेक कंप ओळखता येतं. भट्टी थंड झाल्यावर आत काय मिळालं हे सगळेच बघतात. मला नळी वाढत असताना बघायची आहे.

व्हॉल्व्ह उघडल्यापासून पहिले १२ सेकंद काहीच दिसत नाही. मग १५७० वेव्हनंबरच्या आसपास जी पीक, म्हणजे ग्राफाइटसारख्या जोडणीतल्या कार्बनचा पीक, वर येतो, भराभर चढतो आणि दीड मिनिटाच्या सुमारास सपाट होतो. डी पीक, म्हणजे रचनेतल्या दोषांचा, लहानच राहतो. इथवर ठीक. पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो आरबीएम, म्हणजे नळी छातीसारखी फुगते-आकसते त्या कंपाचा पीक, ८०० अंशांना अजिबात नाही. १०० ते ३५० पर्यंतची पट्टी कोरी. इथिलीन बंद करून थंड करायला घेतलं की ३०० अंशांच्या खाली १६५ आणि २४५ ला दोन पीक हळूहळू दिसायला लागतात. अकरा वेळा केलं, अकराही वेळा हेच.

आमच्या गटात एकाचं म्हणणं आहे की नळ्या थंड होतानाच तयार होतात. निकेलवर ग्राफीन येतं तसं, लोहात विरघळलेला कार्बन तापमान उतरलं की बाहेर पडतो. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. आलेख तर त्याच्याच बाजूने बोलतोय.

तर माझे प्रश्न असे. नळ्या खरंच थंड होताना होतात का? सुरुवातीचे १२ सेकंद म्हणजे उत्प्रेरक जागा व्हायला लागणारा वेळ समजायचा का? आणि जी पीक सपाट झाला म्हणजे वाढ थांबली, असं लिहू का?

निळा फिल्टर

घाईत आहे, दोनच गोष्टी सांगतो. एक, लेसरचा स्वतःचा उजेड अडवणारा एज फिल्टर कुठे कापतो ते बघ. पुष्कळ फिल्टर १५० च्या खालचं काहीच येऊ देत नाहीत. थंड असताना तुला १६५ दिसतो म्हणजे फिल्टरचा दोष नाही, पण त्याहून जाड नळ्या असतील तर त्या तुला कधीच दिसणार नाहीत, हे ध्यानात ठेव.

दुसरं, ५३२ सोडू नकोस. लाल लेसरवर जावंसं वाटेल, पण ६३३ ने जी पीक ७०४ नॅनोमीटरच्या आसपास पडतो आणि ५३२ ने ५८१ ला. ८०० अंशांना तापलेल्या तुकड्याची स्वतःची चकाकी ५८१ पेक्षा ७०४ ला वीसपटीहून जास्त असते. त्या उजेडात पीक बुडून जाईल. बदलायचाच असेल तर ४८८ कडे जा.

तरंगलांबी

गेली आठ वर्षं मी हेच काम करतेय, त्यामुळे तुझा आलेख न बघताही डोळ्यांसमोर आला. जरा सविस्तर लिहिते.

आधी ते थंड होण्याचं प्रकरण मिटवू. यासाठी लेसरसुद्धा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरे. तीन नॅनोमीटर व्यासाचा लोहाचा कण धर. त्यात साधारण १२०० अणू असतात. त्याचं पूर्ण सिमेंटाइट झालं, म्हणजे तीन लोहांमागे एक कार्बन, असं मानलं तरी त्यात फार तर ४०० कार्बन मावतील. दीड नॅनोमीटर व्यासाच्या नळीला एका नॅनोमीटर लांबीसाठी सुमारे १८० कार्बन लागतात. मग कणाने पोटातला सगळा कार्बन थंड होताना बाहेर टाकला तरी नळी होईल सव्वादोन नॅनोमीटरची. तुझ्या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात किती लांब दिसतात? मायक्रोमीटरमध्ये असणार. एवढा कार्बन फक्त वायूतून येऊ शकतो, आणि थंड करताना तर तू इथिलीन बंद केलेलं असतंस. निकेलवरच्या ग्राफीनची गोष्ट वेगळी. तिथे धातूचा थर जाड असतो, आत साठा भरपूर असतो.

मग गरम असताना आरबीएम का नाही? कारण आरबीएम दिसणं आणि नळी असणं ही एकच गोष्ट नव्हे. लेसरची ऊर्जा नळीतल्या इलेक्ट्रॉनच्या एखाद्या संक्रमणाशी जुळली तरच ती नळी मोठ्याने बोलते. न जुळणाऱ्या नळ्या त्याच जागी असतात, पण गप्प. साध्या तापमानालाही तू एकूण नळ्यांपैकी थोड्याच ऐकतोस. तापवल्यावर दोन गोष्टी होतात: संक्रमणाची ऊर्जा खाली सरकते, आणि जुळण्याची पट्टी रुंद होऊन तिची उंची पडते. जी पीक तरी टिकतो, कारण सगळ्या व्यासांच्या नळ्या त्यात जवळपास एकाच जागी भर घालतात. आरबीएम व्यासाप्रमाणे विखुरतो. २४८ ला पीकच्या आकड्याने भागलंस की व्यास नॅनोमीटरमध्ये मिळतो, म्हणजे तुझा १६५ चा पीक सुमारे दीड नॅनोमीटरच्या नळ्यांचा आणि २४५ चा सुमारे एक नॅनोमीटरच्या. प्रत्येक पीकमागे मोजक्याच नळ्या. त्यांचा आवाज आधी बुडतो. आणि हो, ३०३ च्या आसपास सिलिकॉनचा एक बारीक पीक असतो, त्याला नळी समजू नकोस.

यावर वाद घालत बसू नकोस, सरळ तपासून बघ. वाढ झाली, थंड केलंस, आरबीएम दिसला. आता चेंबर न उघडता, इथिलीनचा थेंबही न सोडता, नुसत्या आर्गॉनमध्ये तोच तुकडा पुन्हा ८०० ला ने. लेसर त्याच जागी असू दे. नळ्या तर आता नक्की आहेत, तू त्या पाहिल्या आहेस. तरीही आरबीएम गेला आणि थंड केल्यावर त्याच जागी परत आला, तर गटातल्या मित्राला दाखवायला याहून चांगला आलेख नाही. सगळं तापमानाच्या पायऱ्यांनी कर, दर १०० अंशांना एक स्पेक्ट्रम. फोकस प्रत्येक पायरीला नव्याने जुळव. तापलेली बैठक वर सरकते आणि तेवढ्यानेही सिग्नल निम्मा होतो.

तापमानासाठी कंट्रोलरच्या आकड्यावर अवलंबून राहू नकोस. सिलिकॉनचा ५२०.५ चा पीक हा तुझ्याकडचा सगळ्यात प्रामाणिक थर्मामीटर आहे. ८०० अंशांना तो ५०० च्या आसपास उतरायला हवा. जी पीक १५९० वरून १५७० ला आलाय हे त्याच्याशी जुळतंय, म्हणजे ढोबळमानाने तुझं तापमान बरोबर आहे.

आता लेसरबद्दल, आणि हे मी स्वतः भोगलंय. माझ्या सुरुवातीच्या काळात साध्या तापमानालाच जी पीक १५९० ऐवजी १५७८ ला येत होता. मला वाटलं नळ्या ताणाखाली आहेत. चार महिने मी त्या ताणाचं गणित मांडत होते, मसुदासुद्धा लिहून झाला होता. एके संध्याकाळी सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या दुसऱ्या कुणीतरी लेसरची शक्ती निम्मी करून ठेवली होती आणि ते न बघता मी मोजमाप घेतलं. पीक १५८४ ला. आणखी निम्मी केली, १५८७. ताण वगैरे काही नव्हताच. पृष्ठभागापासून सुटून उभ्या राहिलेल्या नळ्यांना लेसरच तापवत होता, आणि खालचा सिलिकॉन मात्र थंडच होता, म्हणून सिलिकॉनच्या पीकवरून मला पत्ता लागला नाही. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या नमुन्यावर आधी शक्ती बदलून बघते, मगच पुढचं.

म्हणून जी पीक सपाट झाला म्हणजे वाढ थांबली, असं इतक्यात लिहू नकोस. सपाट झाल्यावर लगेच लेसर ५० मायक्रोमीटर बाजूला ने आणि ज्या जागेवर आतापर्यंत उजेड पडलाच नाही तिथला एक स्पेक्ट्रम घे. दोन्ही जागी जी सारखा असेल तर उत्प्रेरक खरंच थकला. नसेल तर लेसरनेच काहीतरी केलंय.

आणि एक सांग, व्हॉल्व्हपासून पुढे नळी धरून चेंबरचं आकारमान किती आणि वायूचा एकूण प्रवाह किती?

भट्टी१२००

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे, लेसरने ग्राफाइट उडवून नळ्या करण्याचा. पण ताईंनी जे म्हटलं, की न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, ते आमच्याकडे तर पावलोपावली भेटतं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे क्वार्ट्झच्या नळीत आर्गॉन, बाहेरून भट्टी, आणि आत निकेल-कोबाल्ट मिसळलेली ग्राफाइटची चकती. राइस विद्यापीठात स्मॉली यांच्या गटाने १९९५-९६ मध्ये ही रीत बसवली, १२०० अंशांच्या भट्टीत. लेसरचा एक स्पंद पडला की चकतीवरून एक झगझगीत भपका उठतो. पहिल्यांदा बघताना तो पांढरा वाटतो. वर्णपटमापक लावला की त्यात ५१६.५ नॅनोमीटरला कडा असलेले सी-टूचे, म्हणजे दोन कार्बन अणूंच्या रेणूचे, हिरवे स्वान पट्टे दिसतात, ४०५ च्या आसपास तीन अणूंच्या सी-थ्रीचा पट्टा दिसतो. काही मायक्रोसेकंदांत हे विझतं, आणि नवा माणूस लिहून टाकतो की रेणू संपले. ते संपलेले नसतात. चमकण्याइतके तापलेले उरलेले नसतात, इतकंच. त्यांना बघायचं तर दुसरा लेसर मारून पुन्हा चमकवावं लागतं.

ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत पुरेत्स्की आणि गिओहेगन यांनी २००० साली नेमकं हेच केलं. पहिल्या लेसरने भपका उडवायचा, ठरावीक वेळ थांबून दुसऱ्या लेसरने त्यातले अणू-रेणू चमकवायचे आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपायचे. थांबण्याचा वेळ वाढवत गेलं की चित्रांची मालिका तयार होते. त्यात दिसलं की कार्बनचे अणू-रेणू सुमारे ०.२ मिलिसेकंदात गोठून गुठळ्या होतात. कोबाल्टचे अणू मात्र त्यानंतरही वायूतच असतात आणि दोनेक मिलिसेकंदांनी गोठतात. भपका धुराच्या कड्यासारखा स्वतःभोवती फिरत राहतो, त्यामुळे ही सगळी सामग्री एकाच ठिकाणी कोंडलेली राहते.

याचा अर्थ बघ. धातूचे कण तयार होईपर्यंत मोकळा कार्बन उरलेलाच नसतो. मग नळी कशातून वाढते? गोठलेल्या कार्बनच्या त्या गुठळ्यांतूनच, गरम भट्टीत तरंगत असताना. भट्टीत राहण्याचा वेळ कमी-जास्त करून त्यांनी पुढे वाढीचा वेगही काढला. ७६० ते ११०० अंशांच्या दरम्यान सेकंदाला ०.६ ते ५.१ मायक्रोमीटर. नुसत्या पहिल्या मायक्रोसेकंदांच्या उजेडावर विसंबले असते तर नळ्या त्या झगमगाटातच जन्मतात असं वाटलं असतं. तुझ्याकडे उलट झालंय, उशिरा दिसलं म्हणून उशिरा झालं असं वाटतंय.

काजळी

सगळ्यांचे मनापासून आभार. ४०० अणूंचं गणित गटाच्या फळ्यावर लिहिलं आणि मित्राने स्वतःच ते दोनदा पडताळलं. सूक्ष्मदर्शकात नळ्या तीन ते पाच मायक्रोमीटरच्या आहेत.

आर्गॉनमध्ये पुन्हा तापवून पाहिलं. १६५ आणि २४५ दोन्ही पीक ३०० च्या पुढे पसरत गेले, ५०० ला २४५ चा दिसेनासा झाला आणि ८०० ला पट्टी पुन्हा कोरी. थंड केलं, दोन्ही आपापल्या जागी हजर. लागोपाठ तीन वेळा. तिसऱ्यांदा ते परत आले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

पण ५० मायक्रोमीटर बाजूला गेलो ते बरं झालं की वाईट, कळत नाही. तिथे जी पीक जवळपास दुप्पट आहे. म्हणजे अकराही प्रयोगांत मी लेसरने नळ्या मारत होतो?

चेंबर आणि नळी मिळून ६० मिलिलीटर, प्रवाह मिनिटाला ३०० मिलिलीटर.

तरंगलांबी

अभिनंदन. ते तीन आलेख एकावर एक ठेवून प्रबंधात घाल.

अकरा प्रयोग वाया गेले असं समजू नकोस. लेसरखाली नळ्या कमी होतात हे त्यांनीच तुला दाखवलं. कारण मात्र शोधावं लागेल. उजेड पडतो तिथे तापमान वाढून उत्प्रेरक लवकर झाकला जात असेल, किंवा चेंबरमध्ये पाण्याची वाफ वा ऑक्सिजन झिरपत असेल आणि तापलेल्या नळ्या जळत असतील. आधी जोड तपास. मग लेसरसमोर शटर लाव आणि दर १५ सेकंदांनी फक्त एक सेकंद उघड. बिंदू कमी मिळतील, पण खरे मिळतील.

लेसरनेच तापवणं हा नेहमी दोष असतो असंही नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेत राहुल राव आणि बेंजी मारुयामा यांच्या गटाने सिलिकॉनचे काही मायक्रोमीटरचे खांब करून ते रामनच्याच लेसरने तापवले. एकच उजेड भट्टीचंही काम करतो आणि मोजण्याचंही. त्यातून त्यांनी २०१२ मध्ये एकेकट्या नळीची वाढ सेकंदासेकंदाला टिपली आणि नळीचा कायरल कोन, म्हणजे कार्बनची षटकोनी जाळी किती तिरकी गुंडाळली गेली आहे ते सांगणारा कोन, जितका मोठा तितका वाढीचा वेग जास्त, हे दाखवलं. फरक एवढाच की लेसर किती तापवतोय हे त्यांना माहीत होतं. तुला ते अजून मोजायचंय.

आता १२ सेकंद. ६० मिलिलीटर भागिले मिनिटाला ३००, किती आले? ०.२ मिनिट. बरोबर १२ सेकंद. तू ज्याला उत्प्रेरकाची झोप समजतोयस तो बहुतेक इथिलीनचा व्हॉल्व्हपासून तुकड्यापर्यंतचा प्रवास आहे. सगळ्या वायूंचं प्रमाण तेच ठेवून एकूण प्रवाह ६०० कर. विलंब प्रवासाचा असेल तर निम्मा होईल, उत्प्रेरकाचा असेल तर जागचा हलणार नाही.

काजळी

शटर लावून चार वेळा केलं. जी पीक आता दीड मिनिटाला सपाट होत नाही, अडीच मिनिटांपर्यंत चढतो. एका जोडाची रबरी कडी कडक होऊन चिरली होती, ती बदलली. त्यानंतर बाजूच्या जागेतला फरक दुपटीवरून सव्वापटीवर आला.

विलंबासाठी सुरुवातीची वीस सेकंदं शटर उघडंच ठेवलं, प्रत्येक वेळी नव्या तुकड्यावर. प्रवाह दुप्पट केला तेव्हा १२ चे ७ सेकंद झाले. पूर्ण निम्मे नाहीत. प्रवासाचा वेळ निम्मा होतो आणि उत्प्रेरकाचा तसाच राहतो असं धरलं तर प्रवास १० सेकंद आणि उत्प्रेरक २ सेकंद निघतात. हे बरोबर मांडतोय ना?

तरंगलांबी

मांडणी बरोबर आहे. पण एका सेकंदाच्या एक्स्पोजरवर काढलेल्या दोन सेकंदांवर मी सही करणार नाही. १२ आणि ७ दोन्हींत एकेका सेकंदाची चूक धरलीस तर ते दोन सेकंद शून्यही असू शकतात आणि पाचही. व्हॉल्व्ह चेंबरच्या अगदी तोंडाशी आणून बसव म्हणजे प्रवासच दोन-तीन सेकंदांवर येईल. मग पहिल्या दहा सेकंदांसाठी एक्स्पोजर ०.२ वर ने. सिग्नल कमजोर होईल, त्यासाठी तोच प्रयोग आठ-दहा नव्या तुकड्यांवर करून सगळे स्पेक्ट्रम व्हॉल्व्ह उघडल्याच्या क्षणापासून जुळवून बेरीज कर. शटर आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकाच ट्रिगरवर घे, हाताने नको. आकडे आले की इथेच टाक, मी वाट बघतेय.